घासलेटचा वास

ट्रॅक्टर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा दुलीचंदने रस्त्याकडे पाहायचं टाळलं.

बांधीत, धानाच्या त्या खाचरात, पोटरीभर पाणी होतं. नहराचं पाणी आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या वाट्याला होतं, उद्या सकाळी ते पुढच्या गावाकडे वळणार होतं. तेवढ्यात चिखलणी झाली तर रोवणी होणार, नाही तर उपटून ठेवलेले परे, धानाची रोपं, जुड्यांतच पिवळे पडणार. अकरा बाया पऱ्यांच्या जुड्या घेऊन बांधावर बसल्या होत्या. आणि ट्रॅक्टर बांधीच्या मधोमध, लोखंडी चाकं चिखलात रुतवून, मुका उभा होता.

"रेस कमी केली काय पुन्हा?" दुलीचंदने विचारलं.

"वळवाले कमी कराच लागते ना बाबा," अश्विन सीटवरूनच म्हणाला. "रेसवर चांगला चालते. स्लो केला का मरते."

"मले माहीत नाही काय ते?"

माहीत होतं. गेले आठ महिने माहीत होतं. टाकी दोनदा धुऊन झाली होती. वारासिवनीच्या मिस्त्रीने नोझल बदलले, पंप उघडला, स्लोचा स्क्रू वर करून दिला. चार दिवस बरे गेले की पुन्हा तेच. आता तर बॅटरीही दमली होती. सेल्फ मारला की इंजन नुसतं कण्हायचं.

बांधावर चुलतभाऊ हिरालाल उकिडवा बसला होता. त्याची बांधी शेजारचीच. आज सकाळपासून तो मदतीला आला होता, पण अजून चिखलात उतरला नव्हता.

"दुलीभाऊ, म्या तवाच म्हणलं होतं," तो बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "महागूनं या मशिनीची वाटच लावून ठेवली. चोर गेला, पर त्याचं करणं मागं राह्यलं."

इतके महिने हेच वाक्य ऐकून दुलीचंदला बरं वाटायचं. आज ते अंगावर घाण उडाल्यासारखं वाटलं.

कारण आठ महिन्यांत डिझेल तो स्वतःच्या हाताने आणत होता. कॅनला कुलूप लावत होता. धाकटा भाऊ महागू डिझेल विकून टाकीत घासलेट भरतो आणि म्हणून इंजन मरतं, हे जर खरं असतं, तर महागू घर सोडून गेल्यावर इंजन सुधारायला हवं होतं. ते सुधारलं नव्हतं. हा साधा विचार दुलीचंदच्या मनात कितीदा आला होता आणि कितीदा त्याने तो दाराबाहेर उभा ठेवला होता.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत दोघा भावांनी मिळून हा ट्रॅक्टर जुना घेतला तेव्हा सावरटोल्याच्या बौद्ध मोहल्ल्यातला तो पहिला ट्रॅक्टर होता. त्याआधी गावातल्या सगळ्यांच्या बांध्या झाल्याशिवाय यांच्या बांधीत नांगर यायचा नाही. यायचा तेव्हा पाणी ओसरलेलं असायचं. दुलीचंद पोस्टमन होता. गावोगाव लोकांची पत्रं पोचवायचा, आणि स्वतःच्या शेतासाठी मात्र लोकांच्या अंगणात उभा राहायचा. ट्रॅक्टर आला त्या दिवशी त्याने आणि महागूने मिळून त्यावर हळदीचे हात उमटवले होते. तेरा वर्षं महागूने तो चालवला. तेरा वर्षांत एकदाही तो बांधीत असा उभा राहिला नव्हता.

आणि आता रस्त्यावर माणसं थांबून पाहत होती.

*

दुलीचंदची बायको शेवंताबाई भाकरीची टोपली घेऊन आली आणि बांधावर पाय ठेवताच तिला कळलं. मोठी मुलगी गीता सासरहून रोवणीसाठी आली होती. ती बायांमध्ये बसली होती. आईला पाहून ती उठली.

"बंद आहे?" शेवंताबाईने विचारलं.

"तिसऱ्यांदा, आई."

शेवंताबाईने टोपली खाली ठेवली. पदर कमरेला खोचला. नवऱ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मी वारासिवनीले चालली. महागूभाऊजीले आणतो."

सगळ्यात आधी बोलला तो अश्विन.

"काकाले काहून? काकाले काय समजते त्यातलं? म्या आयटीआय केलं, मी आहो ना!"

"आठ महिन्यांपासून तू आहेस ना रे," गीता म्हणाली. "आता तर बॅटरीबी मेली."

"तुले काय समजते? तू सासरी राह्य, इथी कायले..."

"अश्विन." गीताने त्याच्याकडे नीट पाहिलं. लहानपणापासून तो खोटं बोलायचा तेव्हा असाच आधी आवाज चढवायचा. "एवढा काहून तापून राह्यला तू?"

अश्विनने मान फिरवली.

हिरालाल उठून उभा राहिला. "वहिनी, चोराच्या हातापाया पडाले जाता? मोहल्ल्यात काय इज्जत राहीन?"

"आता कोणती राह्यली, हिरालालभाऊजी?" शेवंताबाईने रस्त्याकडे हात केला. "ते पाहा, तमाशा पाहून राह्यले लोकं."

मग ती दुलीचंदकडे वळली. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबली. तो खाली पाण्यात पाहत होता.

"तुमी नोका बोलू," ती म्हणाली. "तुमी तवाच पुष्कळ बोलले."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. रामपायलीहून येणाऱ्या बायांची गर्दी होती, पण तिला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे मागच्या मळणीतला तो दिवस होता. सकाळी दुलीचंदने फिल्टरचं खालचं भांडं उघडून हुंगलं. घासलेटचा वास. तो तसाच तरातरा महागूच्या खोलीत गेला. महागूची बायको सीता चुलीपाशी भाकरी थापत होती. दुलीचंदने तिच्या पाठीमागचे डबे एकेक करून उघडले. तांदळाचा, डाळीचा, मिठाचा. शेवटी घासलेटचा. दोनच दिवसांपूर्वी राशनचं घासलेट आलं होतं आणि डबा अर्ध्याहून रिकामा होता.

"कोठी गेलं?" त्याने विचारलं. सीताला सांगता आलं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग अंगणात, सगळ्या मोहल्ल्यासमोर, त्याने सख्ख्या भावाला चोर म्हटलं.

आणि शेवंताबाई दारात उभी होती. सोळा वर्षं सीताबरोबर एका आडावर पाणी भरलेली ती बाई दारात उभी राहून पाहत होती. एक शब्द बोलली नव्हती. बस उड्या मारत चालली होती आणि तिला वाटत होतं, आपण त्या घराच्या दाराशी कोणत्या तोंडाने उभं राहणार?

*

राईस मिलच्या आवाजात महागूला हाक ऐकू आली नाही. भुशाच्या धुरळ्यात कुणीतरी बाई उभी आहे एवढंच दिसलं. जवळ गेला तेव्हा त्याने आधी मोटार बंद केली.

"वहिनी? तुमी? घरी सारं बरं हाय ना?"

"घरी बरं हाय. ट्रॅक्टर बरा नाही."

महागूच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने गळ्यातल्या गमछ्याने हात पुसले. "मंग मिस्त्रीकडे न्या."

"नेला होता. पाणी आजचंच हाय भाऊजी. अकरा बाया बसल्या हायेत."

"मी इथी नोकरीवर आहो, वहिनी."

"हौ. तेबी पाहून राह्यली मी." शेवंताबाईने मिलकडे पाहिलं. "कोणामुळं आहा, तेबी माहीत हाय."

महागू तिला मिलमागच्या आपल्या खोलीकडे घेऊन गेला. सीता दारातच होती. तिने मोठ्या जावेला पाहिलं, वाकून नमस्कार केला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि आत गेली. शेवंताबाईने पाणी प्यायलं. तिला रडू येत होतं, पण इथे रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"काय करते तो?" महागूने अचानक विचारलं.

"कोण?"

"ट्रॅक्टर. बंद पडाच्या आधी काय करते?"

शेवंताबाईला मशिनीतलं काही कळत नव्हतं. पण तेरा वर्षं तो आवाज तिच्या अंगणात होता. "रेस असली का चांगला चालते. कमी केली का कधी वर, कधी खाली, असा हेलकावे खाते. मंग हुचकी दिल्यासारखा करते अन् मरते."

"धूर?"

"पांढरा. थोडासाच."

महागूने आपल्या हातांकडे पाहिलं. त्याला आठवायचं नव्हतं, पण हात आपोआप आठवायला लागले होते. टाकीतून निघालेली नळी, पंप, फिल्टर, त्याच्या मागचा बोल्ट. "हवा घेऊन राह्यला तो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "डिझेल खराब नाही. पंपबी खराब नाही. कोठून तरी हवा शिरून राह्यली."

मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. डिझेल खराब नाही. आठ महिन्यांपूर्वी हेच तो अंगणात ओरडून सांगत होता.

आतून सीता म्हणाली, "जा तुमी."

"तू म्हणतेस?"

"रोवणी बायांची हाय. त्यायनं काय केलं?" ती पुढे म्हणाली, "पर त्या घरचं पाणीबी पेऊ नोका."

शेवंताबाईने मान खाली घातली. महागूने खुंटीवरची कापडी पिशवी काढली. तिच्यात त्याचे नटबोल्टचे पाने होते, एकेक चिंधीत गुंडाळलेला.

*

काका बांधावरून येताना दिसला तेव्हा अश्विनला वाटलं, आताच कुठेतरी निघून जावं. पण निघून जायला वाट नव्हती. बांध अरुंद होता आणि बांधावरून काकाच येत होता.

महागूने कुणाला हाक मारली नाही. दुलीचंदपासून दोन हातांवरून तो गेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. हिरालालने गावातून भाड्याची बॅटरी आणवली होती. तेवढं काम मात्र त्याने केलं होतं.

"सेल्फ मार," महागू म्हणाला.

अश्विनने मारला. इंजन धरलं, दणाणलं.

"कमी कर. हळूहळू."

रेस उतरली तसा आवाज हेलकावायला लागला. महागूने फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. डिझेलऐवजी फेस आला, बुडबुडे फुटत राहिले. इंजन गचकलं आणि मेलं.

"हे पाह्य," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "रेसवर पंप जोरात ओढते, थोडी हवा आली तं खपून जाते. स्लोवर इंजनाले थेंबभरच पाह्यजे. त्या थेंबात हवा आली का संपलं."

त्याने छोट्या हातपंपाने डिझेल चढवून हवा काढली. पुन्हा चालू करायला लावलं. मग पिशवीतून ग्रीसचा डबा काढला. फिल्टरपासून सुरुवात करून तो एकेक जोड पुसायचा, त्यावर बोटभर ग्रीस थापायचा आणि कान देऊन उभा राहायचा. हवा जिथून शिरते तिथे ग्रीस बसलं की आवाज सुधारणार होता.

पहिला जोड. आवाज तसाच हेलकावत होता.

दुसरा.

अश्विनला माहीत होतं काका कुठे पोचणार आहे. तिसऱ्या जोडाशी, टाकीकडून येणारी नळी पंपाला मिळते तिथे, खालच्या अंगाला एक बोल्ट होता. बाहेरून दिसत नसे. त्यावर धूळ आणि तेलाचा थर साचलेला असे.

मागच्या मळणीत काका दोन दिवस सासुरवाडीला गेला होता. अश्विन नुकताच बालाघाटच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेऊन आला होता. बाबा ज्याला त्याला सांगत होते, आता मिस्त्रीची गरज नाही, माया पोरगाच मेकॅनिक हाय. अश्विनला वाटलं, काका यायच्या आत सगळं फिल्टर धुऊन ठेवू. घासलेट हवं होतं. घरातलं संपलं होतं म्हणून त्याने काकूच्या खोलीतल्या डब्यातून घेतलं. सांगेन नंतर, म्हणाला. धुतलं, जोडलं, आणि जोडताना नळीच्या बोल्टची तांब्याची वायसर हातातून निसटून तणसाच्या ढिगात गेली. तासभर शोधली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. दुसऱ्या दिवशी इंजन मरायला लागलं. आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी फिल्टर हुंगलं.

बाबा काकूचे डबे उघडत होते तेव्हा अश्विन त्यांच्या शेजारी उभा होता. त्याला बोलायचं होतं. अजून एक क्षण, असं वाटत राहिलं. मग बाबांनी तो शब्द उच्चारला आणि त्यानंतर बोलणं दर दिवसागणिक कठीण होत गेलं.

तिसरा जोड.

महागू वाकला, खालच्या बोल्टवरची धूळ बोटाने खरवडली. त्याचा हात जरा थांबला. मग त्याने ग्रीस थापलं.

आवाज सरळ झाला.

हेलकावे थांबले. टक टक टक टक, एका लयीत. बांधावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. गीता म्हणाली, "झालं!"

"बंद कर," महागू म्हणाला.

त्याने पाना लावून बोल्ट काढला. बोल्टाचे कोपरे चुकीच्या पान्याने घासून गोल झालेले होते. आतून फुगलेली, चिकट झालेली काळ्या रबराची चकती निघाली. महागूने ती तळहातावर घेतली. डिझेलच्या नळीवर कुणी जाणता माणूस रबर लावत नाही. त्याने मान वर केली आणि अश्विनकडे पाहिलं. एवढंच. याच पोराला त्याने मडगार्डवर बसवून गिअर शिकवले होते.

मग त्याने मूठ मिटली.

"काय होतं?" दुलीचंदने बांधावरून विचारलं. आठ महिन्यांतलं त्याचं भावाशी पहिलं बोलणं.

"वायसर खराब झालती," महागू म्हणाला. "जुना माल. होते असं." त्याने पिशवीतून तांब्याची नवी वायसर काढून बसवली, बोल्ट आवळला, हवा काढली. "मार सेल्फ."

इंजन चालू झालं. अश्विनने रेस अगदी तळाला नेली. मेलं नाही.

हिरालाल हसला. "म्हंजे खराब वायसर महागूनंच टाकली होती ना! तेरा साल त्याच्याच हातात होतं इंजन. चोरी ते चोरी, अन् वरून..."

महागू पाने चिंध्यांत गुंडाळत राहिला.

अश्विनला वाटलं होतं, वाचलो. पूर्ण एक क्षण त्याला तसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला किळस आली. इंजन इतकं हळू चालत होतं की आता त्याच्या आवाजामागे लपताही येत नव्हतं.

"म्या टाकलं ते रबर," तो म्हणाला.

कुणाला नीट कळलं नाही. तो सीटवरून उतरला, चिखलात उभा राहिला. "काका गावाले गेलते तवा म्या फिल्टर खोललं. वायसर हरपली. ट्यूबचं रबर कापून बसवलं. अन् घासलेट..." त्याने काकाकडे पाहिलं. "घासलेट म्याच घेतलं होतं. काकूच्या डब्यातलं. फिल्टर धुवाले. तोच वास होता, बाबा. काकानं काहीच नाही केलं."

दुलीचंद त्याच्याकडे पाहत राहिला.

"तू माया बाजूले उभा होता," तो हळू म्हणाला. "म्या डबे उघडले तवा."

"हौ."

"आठ महिने?"

"हौ, बाबा."

गीताने तोंडावर पदर धरला. दुलीचंद मारेल असं सगळ्यांना वाटलं, अश्विनलाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण दुलीचंद बांधावर मटकन बसला.

"त्याले काय पाहता?" शेवंताबाई म्हणाली. "मीबी उभीच होती. सीता डोळे फाडून मायाकडे पाहत होती, अन् मी भिंतीकडे पाह्यलं."

हिरालाल कुणाच्या नकळत आपल्या बांधीकडे निघून गेला.

महागू ट्रॅक्टरवर चढला. सीटवर बसून त्याने गिअरवर हात ठेवला.

"पाणी उतरून राह्यलं," तो म्हणाला. "बाकीचं मंग. बाजूले हो, अश्विन."

*

साडेचारपर्यंत त्यांच्या तिन्ही बांध्या चिखलून झाल्या. बाया मागोमाग रोवत गेल्या. महागूने ट्रॅक्टर बांधीबाहेर काढला, नहरावर हातपाय धुतले. शेवंताबाई चहाचा कप घेऊन उभी होती. त्याने हात जोडले.

"नाही, वहिनी."

"मले माहीत होतं. तरी आणला."

"बिघडला कधी तं सांगजा. येईन मी. पर राहाले नाही येणार." तो सरळ म्हणाला, रागाने नाही. "तिथं माया लेकीची शाळा हाय. अन् खोली लहान हाय, पर तिच्यात कोणी शिरत नाही."

दुलीचंद हे सगळं ऐकत मागे उभा होता. दुपारपासून त्याने कितीतरी वाक्यं जुळवली होती. भाऊ म्हणून, बापाच्या जागी असलेला मोठा म्हणून. एकही धड नव्हतं.

"महागू, म्या तुले..."

"भाऊ, मले काही नोको म्हणू," महागू म्हणाला. "तुया हातचा मार खाऊन मोठा झालो मी. मले सहन होते. पर तिच्या डब्यायले हात लावला तू."

बस यायला वेळ होता. महागू रस्त्याला लागला. थोड्या वेळाने त्याला मागे पावलं ऐकू आली. त्याने वळून पाहिलं नाही, पण चाल जरा मंद केली.

बसमध्ये दोघे भाऊ एकाच बाकावर बसले.

मिलमागच्या खोलीपाशी पोचले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. दाराशीच महागूची मुलगी साधना पाटीवर वही ठेवून लिहीत बसली होती, अकरा वर्षांची. दुलीचंदला पाहून ती उठली नाही. आत सीता होती. भासऱ्याचा, मोठ्या दिराचा, आवाज ऐकताच तिने डोईवरचा पदर पुढे ओढला आणि ती दाराच्या फळीमागे सरकली.

सोळा वर्षांत ती दुलीचंदशी कधी थेट बोलली नव्हती. रीतच तशी. काही सांगायचं असलं तर मुलीला पुढे करून, 'तुया मोठे बाबाले सांग, जेवण वाढलं.' दुलीचंदही कधी तिच्याकडे पाहून बोलला नव्हता. ज्या बाईचं तोंड त्याने रीत म्हणून पाहिलं नव्हतं, तिच्या चुलीपाशी मात्र तो न विचारता घुसला होता.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत यायला कुणी म्हटलं नाही आणि त्याने अपेक्षाही केली नाही.

"सीता," तो म्हणाला. नाव उच्चारताना जीभ अडली. "घासलेट अश्विननं घेतलं होतं. आज समजलं. तू चोरी नाही केली, महागूनं नाही केली. म्या तुया घरात शिरून... म्या चूक केली. मोहल्ल्यासमोर बोललो होतो, मोहल्ल्यासमोर सांगीन. पर आधी तुले सांगाले आलो."

मिलचा पट्टा कुठेतरी फडफडत होता. मग फळीमागून आवाज आला, आणि तो साधनामार्फत नव्हता.

"मले माहीत होतं."

महागू चमकून वळला. "तुले माहीत होतं?"

"पोरीनं पाह्यलं होतं. अश्विनले डबा नेताना." सीता सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्द जपून ठेवलेला काढावा तशी. "इथी आल्यावर तिनं मले सांगतलं. तुमाले नाही सांगतलं म्या. तुमी त्याले जीवापाड शिकवलं होतं. अन् त्यायले सांगतलं असतं," म्हणजे दुलीचंदला, "तं त्यायनं पोरीलेबी खोटी ठरवलं असतं. मायं झालं ते झालं. तिच्यावर तो शब्द नाही येऊ देणार होती मी."

हे खरं होतं. दुलीचंदने तिला खोटीच ठरवलं असतं.

"मले माफी नोका मागू," सीता म्हणाली. "तिले बोला. त्या दिवशी ती चुलीपाशीच बसली होती. तिनं सारं पाह्यलं."

दुलीचंद खाली बसला. उंबऱ्याबाहेर, मातीवर, मुलीसमोर. त्याच्या धोतराला अजून बांधीचा चिखल होता. साधना त्याच्याकडे पाहत होती. डोळे अगदी महागूचे.

"साधना," तो म्हणाला, "तुया बापानं चोरी नव्हती केली. मायनंबी नाही."

"मुझे तो पता था, मोठे बाबा," ती म्हणाली. शाळेतली हिंदीच तिच्या तोंडात बसली होती. "दादा डब्बा ले जा रहा था, तब मैं वहीं थी."

"मंग तवा काहून नाही बोलली, बेटा?"

"आपने सबसे पूछा. मुझसे तो पूछा ही नहीं."

दुलीचंदने मान खाली घातली. तीस वर्षं गावोगाव फिरून दुसऱ्यांच्या दारात त्याने लोकांचे निरोप ऐकून घेतले होते, लिहून दिले होते. स्वतःच्या अंगणात त्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. त्याने मान वर केली. मुलगी अजून तशीच त्याच्याकडे पाहत होती, वाट पाहत.

"आता विचारतो," तो म्हणाला. "सांग. काय काय झालं त्या दिवशी?"

साधनाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. मग वही मिटली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.